तू ताप लपवला नाहीस

शैलाताई,

तुझ्या घरी भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला भाऊजी एकच सांगत होते, "शेवटपर्यंत बोलत होती." माणसं मान हलवायची, डोळे पुसायची. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून मनात म्हणत होते, त्यात नवल ते काय. कंपनीत पॅकिंगच्या लाइनवर बोलायला बंदी होती तेव्हा तू भुवयांनी बोलायचीस.

माझ्या मोबाइलमध्ये तुझा एक व्हॉइस मेसेज अजून पडलाय. दवाखान्यातून पाठवलेला. खोकत खोकत सांगतेयस की येताना लिंबं आण, इथली लिंबं म्हणजे नुसती साल. तो मी पुन्हा ऐकलेला नाही. पुसलेलाही नाही.

डॉक्टर भाऊजींना म्हणाले, फुप्फुसं आधीच कमजोर होती, त्यात न्यूमोनिया झाला. मी विचारलं, "आधीच म्हणजे कधीपासून?" तो तरुण डॉक्टर दमलेला होता. "तसं नक्की नाही सांगता येत," म्हणाला. मला माहीत आहे, तू त्याचीच बाजू घेतली असतीस. "कशाचा संबंध कशाशी जोडतीस गं? ते कवाच होऊन गेलं." आणि मी म्हणाले असते, होऊन कुठं गेलंय, रोज जिना चढताना तुझ्या छातीत वाजतंय ते काय आहे. आपलं हे भांडण वर्षानुवर्षं चाललं. कॅन्टीनमध्ये चाललं, बसमध्ये चाललं, तुझ्या लेकीच्या, पूनमच्या साखरपुड्यातसुद्धा चाललं. संपलं मात्र नाही.

मी कंपनीत आले तेव्हा लग्नाला वर्षही झालं नव्हतं. उरणजवळच्या मोऱ्याची मी, करावे गावात दिलेली. घरचं मासळीचं काम सोडून महाप्याच्या औषधांच्या कंपनीत पॅकिंगला लागले, म्हणून सासू थोडी फुगलेलीच होती. पहिल्या दिवशी मला तुझ्या समोर उभं केलं. गोळ्यांची पट्टी खोक्यात सरकवायची, घडी घातलेला माहितीचा कागद आत, झाकण बंद, खोकं पुढे. दिवसभर तेच. तू माझ्याकडे बघत होतीस आणि मला वाटलं, ही बाई आता चुका काढणार. तू म्हणालीस, "आगं, एवढी ताठ नको उभी राहू. तुला काय झेंडावंदन करायचंय का?"

पाटण तालुक्यातून लग्न होऊन कोपरखैरण्यात आलेली तू. भाऊजी मार्केटमध्ये माथाडी, पाठीवर पोती वाहणारे. इतकी वर्षं इथे काढूनही तुझं 'हाय की' आणि 'लई' काही सुटलं नाही. औषधांच्या कंपनीत हाताला नेलपॉलिश चालत नाही म्हणून तू पायाच्या बोटांना लावायचीस. लालभडक. वर बंद बूट. मी म्हटलं, "दिसणार कुणाला?" तर म्हणालीस, "मला माहीत हाय ना."

डब्याच्या वेळी तू फौजदारासारखी सगळ्यांची झाकणं उघडून बघायचीस. माझ्या डब्यातल्या सुकटीचा वास आला तेव्हा नाकाला पदर लावलास. पण पहिल्याच पावसाळ्यात मला बाजूला घेऊन म्हणालीस, "तुझ्या सासूला सांग, जवळा जरा जास्त कर." आणि रागही तुझा कसला. तू गावाहून आणलेले कंदी पेढे मला फार गोड लागले, एवढं मी बोलले, तर आठवडाभर तू माझ्याशी अबोला धरलास. भुवयांचासुद्धा. मीच शेवटी दोन पेढे मागून खाल्ले, तेव्हा कुठे सुटलं.

मग तो रोग आला. सगळं बंद झालं आणि आपण चालू राहिलो. आपण तापाच्या गोळ्या भरत होतो, आणि अख्ख्या देशाला तापाच्या गोळ्या हव्या होत्या.

त्या दिवसांतला पाम बीच रोड आठवतो? एकही गाडी नाही. कंपनीच्या बसमध्ये एक सीट सोडून एक बाई. खाडीत फ्लेमिंगोंची गुलाबी रांगच्या रांग बसलेली असायची. एरवी आपण त्यांच्याकडे कधी बघितलं नव्हतं. तू काचेला डोकं टेकून म्हणालीस, "ह्यांना बरंय. ह्यांना कुणी ड्युटीला बोलवत नाही."

आमच्या गावाने वेशीवर बांबू बांधले होते. बाहेरचं कुणी आत येऊ नये म्हणून. आणि मी गावातलीच असून रोज बाहेरची ठरायचे. बांबूपाशी बसलेली पोरं माझ्या नवऱ्याच्या ओळखीची, तरी विचारायची, "वयनी, कामाला जायलाच पायजे का?" सासू मागच्या अंगणात गरम पाण्याची बादली ठेवायची. तिथेच अंघोळ, तिथेच कपडे भिजवायचे, मग घरात. सासऱ्यांना दमा. मी आले की त्यांच्या खोलीचं दार बंद व्हायचं. खिडकीतून त्यांचा आवाज यायचा, "आली का गो, पोरी?" मी म्हणायचे, "आले बाबा." एवढंच आमचं बोलणं. मला रोज वाटायचं, माझ्या अंगावरून काहीतरी त्या खिडकीतून आत जाईल.

कंपनीने आपल्याला पांढरे प्लास्टिकचे किट दिले. डोक्यापासून पायापर्यंत. पहिल्या दिवशी आपण हसलो, चंद्रावर चाललोय म्हणून. मग एसीमधून रोग पसरतो असं कुणीतरी वर सांगितलं आणि पॅकिंगच्या हॉलचा एसी बंद झाला. उन्हाळा, पत्र्याचं छत, अंगात प्लास्टिक. घाम पायांतून खाली उतरून बुटात साचायचा. एका शिफ्टला एकच किट. काढलं की फेकायचं, आणि दुसरं मिळणार नाही. म्हणजे बाथरूमला जायचं नाही. तसं कुणी सांगितलं नव्हतं. पण हिशेब सगळ्या बायकांना आपोआप कळला. आपण पाणी प्यायचं सोडलं. सकाळच्या चहाचे दोन घोट, मग घरी जाईपर्यंत काही नाही. पाळीच्या दिवसांत तर काय व्हायचं ते आपल्यालाच माहीत. डोकं दुखायचं, जांघा सोलवटायच्या, लघवीला आग व्हायची. आपण एकमेकींना सांगायचो ते घरगुती उपाय. धन्याचं पाणी पी, सब्जा पी. म्हणजे जे मुळात करता येत नव्हतं, तेच.

मग एका दुपारी रेश्मा पडली. लाइनवरची सगळ्यांत नवीन मुलगी, ऐरोलीची. खोकं हातात धरूनच खाली गेली. किट कात्रीने कापून काढलं तेव्हा खाडीतून ओढून काढल्यासारखी ओली होती. साळवी साहेब धावत आले. आपले शिफ्ट ऑफिसर. वाईट माणूस नव्हता तो. कल्याणला घरी लहान मुलगी, आणि हा कंपनीतच वरच्या खोलीत गादी टाकून राहिलेला, कितीतरी आठवडे. घाबरून म्हणाले, "अहो, नाश्ता करून येत जा ना तुम्ही लोक."

तू रेश्माचं डोकं मांडीवर घेऊन बसली होतीस. वर बघून म्हणालीस, "नाश्ता केलाय तिनं, साहेब. पाणी नाही प्यायली. आम्ही कुणीच पीत नाही."

"का?"

"मुतायला जायला लागू नये म्हणून."

आम्ही सगळ्यांनी माना खाली घातल्या. साहेबांसमोर असा शब्द. साळवी साहेबांचे कान लाल झाले. त्यांना खरंच माहीत नव्हतं, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं. "मी वर बोलतो," म्हणाले.

ते बोलले असतील. पण किट काही वाढलं नाही. दोन-तीन दिवस तू वाट बघितलीस. मग ऐन शिफ्टमध्ये, खोकी पुढे नेणारा पट्टा चालू असताना, तू खालून बाटली काढलीस, मास्क खाली ओढलास आणि सगळी बाटली सावकाश प्यायलीस. आमच्या सगळ्यांकडे बघत. मग किटची चेन उघडलीस, ते अंगातून काढलंस, गोळा करून डब्यात टाकलंस आणि बाथरूमला गेलीस. आलीस ती साध्या गणवेशात, तोंडाला मास्क, हातात मोजे. जागेवर उभी राहिलीस.

साळवी साहेब आले. "शैलाताई, किट?"

"संपलं. दुसरं द्या. नाहीतर अशीच उभी राहते."

हॉलमध्ये फक्त पट्ट्याचा आवाज. तुझे हात खोकी भरत राहिले. तेवढ्यात मी हातातलं खोकं खाली ठेवलं आणि किटची चेन उघडली. माझ्यामागून आणखी एकीने उघडली, मग आणखी एकीने. पट्टा थांबवावा लागला.

तुला मोठ्या साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. आम्ही सगळ्या दाराकडे डोळे लावून. तू बाहेर आलीस आणि म्हणालीस, "चहा काही दिला नाही बाबा."

पण दुसरं किट मिळालं. पुढे कुणीतरी जाणकार येऊन बघून गेला आणि म्हणाला, या कामाला प्लास्टिक लागतच नाही, सुती गाऊन पुरे. खिडक्या उघडल्या, मोठे पंखे आले, पाणी प्यायला आळीपाळीने सुट्टी मिळाली. मागच्या भिंतीला चार स्टुलं आली. साळवी साहेब एकदा तुला हळूच म्हणाले, "माझ्या बायकोला मी हे सांगितलं. ती म्हणाली, तुम्हाला एवढं कळू नये?" तू त्यांना म्हणालीस, "आता कळलं ना? मग झालं."

त्याच उन्हाळ्यात तुझी आई गेली. गावाला. जेवणाच्या सुट्टीत फोन आला. गाड्या बंद, पास मिळायला दोन दिवस, आणि गावात मुंबईकडच्या माणसाला कुणी घेत नव्हतं. तू भावाच्या मोबाइलवर आईचं तोंड बघितलंस, कॅन्टीनच्या मागच्या पायरीवर बसून. आम्ही लांब लांब उभ्या. जवळ जायचं नाही, हात लावायचा नाही, हे इतकं अंगात मुरलं होतं की बाईचं दुःख समोर आणि आम्ही खांबासारख्या. परतीच्या बसमध्ये तू खिडकीशी बसलीस. मधली सीट रिकामी. मी उठून त्या सीटवर बसले. ड्रायव्हरने आरशातून बघितलं आणि नजर पुन्हा रस्त्यावर नेली. मी तुझा हात धरला. दोघींच्या हातात मोजे. तू म्हणालीस, "कितीतरी दिवसांत मला कुणी हात लावला नव्हता गं." कोपरखैरणे येईपर्यंत आपण तशाच बसलो होतो. तू रडली नाहीस. मीच रडले, तुझ्या आईला कधी बघितलंही नसताना.

आणि पुढच्या वर्षीची दुसरी लाट. आता आपल्या भांडणाकडे येते.

तोपर्यंत सगळे सरावले होते. गाऊन, मास्क, गेटवर कपाळाला लावायचं ते तापाचं मशीन. लस अजून आपल्यापर्यंत पोचली नव्हती. नियम असा होता की ताप असेल तर येऊ नका. पण बाई आली नाही तर पगार कापला जाई. घरोघरी नवरे बसून. तुझ्याकडे भाऊजींची कंबर धरलेली, मार्केट कधी चालू कधी बंद. म्हणून बायका काय करायच्या, हे तुला माहीत होतं आणि मलाही. बसमध्ये बसण्याआधी एक गोळी घ्यायची. आपणच भरलेली. गेटवर मशीन हिरवं, आत जा.

त्या सकाळी तू बसमध्ये नव्हतीस. मला वाटलं, दुसऱ्या पाळीला गेली असशील. आम्ही गेटच्या रांगेत उभ्या राहिलो आणि बघते तर रस्त्याच्या पलीकडे, बंद टपरीपाशी, भाऊजींची जुनी स्कूटर. मागे तू बसलेली. साडीवर स्वेटर, त्या उन्हात. तू उतरलीस, पण गेटकडे आली नाहीस. तिथूनच ओरडलीस, "साळवी साहेबांना बोलवा."

साहेब बाहेर आले. रस्ता ओलांडायला लागले तशी तू हात वर केलास. "तिथंच थांबा. मला ताप हाय. परवापासून हाय. काल गोळी खाऊन आत आले, मशीननं सोडलं. दिवसभर ह्या सगळ्यांच्या शेजारी उभी होते. सगळ्यांना तपासा."

रांगेतल्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या, जणू मीच काहीतरी केलं होतं.

"ठीक आहे, ताई, तुम्ही घरी जा, आराम करा," साहेब म्हणाले.

"जाते. पण ज्यांना घरी बसवाल त्यांचा पगार कापू नका. नाहीतर कोण सांगंल? सांगा आधी, मग जाते."

"हे माझ्या हातात नाही, शैलाताई."

"मग ज्याच्या हातात हाय त्याला फोन लावा."

आणि तू तिथेच टपरीच्या कट्ट्यावर बसलीस. साहेब फोन लावत होते, आत जात होते, बाहेर येत होते. ऊन चढलं. भाऊजी तुझ्यावर छत्री धरून उभे. मला तुझा इतका राग आला होता. मनात म्हणत होते, ही बाई घरी जाऊन पडत का नाही. तेवढ्यात रेश्माने रांगेतून हात वर केला. "सर, माझंपण अंग दुखतंय." मग आणखी एक म्हणाली, तिला वास येत नाही. मग तिसरी. एकेक बाई रांगेतून बाजूला व्हायला लागली. साळवी साहेब कानाला फोन लावून ते बघत होते, आणि फोनवर म्हणाले, "सर, आता तुम्हीच सांगा यांना काय उत्तर देऊ." शेवटी वरून होकार आला. तू तो ऐकलास आणि मगच स्कूटरवर बसलीस. बसताना तुझा पाय घसरला होता.

आमची सगळ्यांची तपासणी झाली. मला काही होत नव्हतं. ना ताप, ना खोकला. आणि मी पॉझिटिव्ह निघाले. मला गेटवरूनच विलगीकरणाच्या सेंटरला नेलं. घरी पाऊलही टाकलं नाही.

तू खूप आजारी पडलीस. ऑक्सिजनवर किती दिवस होतीस ते आठवायला मला आवडत नाही. आलीस तेव्हा गणवेश अंगावर लोंबत होता. तुला लेबल तपासायच्या टेबलाशी बसवलं, खुर्ची मिळाली. त्या खुर्चीचा तुला राग. "मला काय म्हातारी केली का?" पण कॅन्टीनचा एक जिना चढलीस की रेलिंग धरून उभी राहायचीस, आणि कुणी बघितलं तर पदर नीट करतेय असं दाखवायचीस.

माझं म्हणणं एकच होतं. त्या दिवशी तू घरी पडून राहिली असतीस, सकाळीच दवाखाना गाठला असतास, उन्हात बसून शेवटची ताकद घालवली नसतीस, तर एवढं झालं नसतं. फोनवर सांगता आलं असतं. तू म्हणायचीस, "फोनवर सांगितलं असतं तर फक्त माझ्या नावापुढं गैरहजर लागलं असतं." मी म्हणायचे, "लागू दे ना." तू म्हणायचीस, "आन तुम्ही?" मी म्हणायचे, "आमचं आम्ही बघितलं असतं." मग तू भुवई वर करायचीस आणि माझ्या डब्यातला बोंबील उचलायचीस.

शेवटची भेटले ती वॉर्डमध्ये, भेटायच्या वेळेत, चार वाजता. नाकाला नळी. उशाशी मी आणलेली लिंबं. तू एक हातात घेऊन वास घेत होतीस. शेजारच्या खाटेवरच्या आजीला नातेवाईक आलेले, त्यांना तू माझी ओळख करून दिलीस, "ही माझी दर्शना. करावे गावची." मग मला म्हणालीस, "एक सांगू का? त्या पाण्याच्या दिवशी तू माझ्यामागून निघाली नसतीस ना, तर मी दुसऱ्या दिवसापासून कामाला आले नसते."

"का गं?"

"मी आले बाथरूममधून आन बघते तर सगळ्या गप. वाटलं, मी एकटीच येडी. मग तू चेन काढलीस. घरी जाऊन ह्यांना सांगितलं, करावेच्या पोरीनं माझी लाज राखली. लई धीराची पोर."

इतकी वर्षं तू हे उराशी धरून होतीस. मग मला खरं ते सांगावंच लागलं.

"ताई, धीर कसला. मला सकाळपासून इतकी लागली होती, तुला जाताना बघितलं आणि मला थांबवेचना."

मग तू जी हसायला लागलीस. हसताना खोकला, खोकताना हसू. आजीचे नातेवाईक वळून बघायला लागले. नर्स आली, म्हणाली, "मावशी, हसू नका, ऑक्सिजन खाली येतोय." तू डोळे पुसत तिला म्हणालीस, "येऊ दे जरा. वर्षभर हसले नव्हते, त्याची भरपाई झाली." मीपण हसत होते. खाली रिक्षा स्टँडवर आले तेव्हा लक्षात आलं, मी तुला आणखी एक गोष्ट सांगणार होते. तीच सांगायची राहिली. दर वेळी राहायची. आपण भांडायला लागलो की मी माझी बाजू सोडायला तयार नसायचे, आणि ती गोष्ट सांगितली असती तर तू जिंकली असतीस.

तुझ्या तेराव्याला मी निघाले, तर सासरे सदरा घालून ओट्यावर बसलेले. "मी पन येनार."

"बाबा, तिसरा मजला आहे. लिफ्ट नाही."

"बसत बसत चढीन."

तुला ते कधी भेटले नव्हते. तुझ्याबद्दल त्यांना जे माहीत ते माझ्याच बोलण्यातून. रिक्षाने आलो आम्ही. प्रत्येक वळणावर ते पायरीवर बसायचे, दम्याचा पंप तोंडाला लावायचे, श्वास जुळला की उठायचे. मी शेजारी बसायचे. वरून तेराव्याच्या जेवणाचा वास येत होता आणि मोठ्याने बोलण्याचे आवाज. वर पोचलो तेव्हा भाऊजी दारातच होते.

"आवं बाबा, कशाला एवढं चढलासा?"

सासऱ्यांना लगेच बोलता येईना. भाऊजींनी खुर्ची दिली, पूनमने पाणी आणलं. पाणी पिऊन झाल्यावर त्यांनी भाऊजींचा हात धरला.

"तुमी मना वलकत नाय. मी हिचा सासरा. तुमच्या बायकोनं तवा गेटवर सांगितला ना, का मना ताप हाय? म्हनून ही त्या दिवशी घरी आली नाय. हिच्या अंगात रोग व्हता आन हिला ठावं नव्हता. ही घरी आली आसती तं माज्या छातीत गेला आसता. आमच्या गल्लीतले माज्याच वयाचे दोगं गेले त्या महिन्यात. मी हाय. तुमच्या बायकोनं सांगितला म्हनून हाय."

भाऊजींनी माझ्याकडे बघितलं. "हे तिला ठावं होतं?"

मी मान हलवली. नाही.

मला वाटलं, ते रागावतील, किंवा रडतील. त्यांनी तसलं काही केलं नाही. सासऱ्यांना काखेत हात घालून उठवलं आणि तुझ्या फोटोपाशी नेलं. फोटोतला हार जरा तुझ्या तोंडावर आला होता, तो बाजूला केला.

"शैला," ते म्हणाले, "हे करावेहून आल्यात. काय सांगत्यात बघ."

सासऱ्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं. मग दोन्ही हात जोडले, श्वास जुळवला, आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. मध्येच दम लागला तेव्हा ते थांबले, आणि राहिलेलं मी सांगितलं.